देवा, असशीलच: क्रिस्तीनाच्या पाच अक्षरांची कोंडी फुटली

‘क्रिस्तीना’ या संगीतनाटकातील गाण्यांचे मराठी भाषांतर करताना गेल्या नोंदीत ज्या ओळीपाशी मी अडकलो होतो, ती ओळ काल रात्री सुटली. पाच अक्षरांसाठी सात आठवडे गेले, आणि तेवढ्या काळात बाकीचे काम जवळजवळ थांबले होते, म्हणून आजची नोंद बहुतांश त्या पाच अक्षरांचीच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २३ आणि २४ सप्टेंबर २००९ रोजी झालेल्या ‘क्रिस्तीना’च्या मैफलींचे दोन सीडींचे ध्वनिमुद्रण, जे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, ते समोर ठेवून त्यातील निवडक गाण्यांचे मराठीत गेय भाषांतर करण्याचा हा उपक्रम आहे. त्याच्या शेजारी मूळ स्वीडिश ध्वनिमुद्रण सतत लागते. बेनी अँडरसन आणि ब्यॉर्न उल्वेउस यांचे हे संगीतनाटक विल्हेल्म मोबेरी यांच्या स्वीडनहून अमेरिकेला गेलेल्या स्थलांतरितांवरील कादंबरीमालेवर बेतलेले असून ते १९९५ मध्ये माल्मो येथे रंगभूमीवर आले, आणि त्यातील पहिल्या नटसंचाचे ध्वनिमुद्रण तीन सीडींचे आहे. इंग्रजी शब्दांचे श्रेय हर्बर्ट क्रेट्झमर आणि उल्वेउस यांना आहे. या उपक्रमाचे सगळ्यात मोठे भाग्य म्हणजे हेलेन शोहोल्म यांनी दोन्ही ठिकाणी क्रिस्तीना गायिली आहे. गायिका एकच, भूमिकाही तीच, भाषा मात्र दोन आणि मध्ये सुमारे तेरा वर्षांचे अंतर. शब्द बदलल्यावर चालीचे काय होते, हे ऐकण्यासाठी याहून चांगला पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आता त्या ओळीकडे येतो. नैसर्गिक गर्भपातानंतर खचलेली, जन्मभर श्रद्धेवर जगलेली क्रिस्तीना मिनेसोटातील रानात देवाला जाब विचारते, ते हे गाणे. स्वीडिशमध्ये त्याचे शीर्षक ‘दू मोस्ते फिन्नास’ असे आहे आणि इंग्रजीत ‘यू हॅव टू बी देअर’. दोन्हींत अक्षरे पाचच, आणि बोलताना आघात दोन्हीकडे दुसऱ्या व चौथ्या अक्षरावर पडतो. अर्थ मात्र किंचित सरकला आहे. ‘फिन्नास’ म्हणजे अस्तित्वात असणे, तर इंग्रजी शब्दांत तिथे, जवळपास, हजर असणे आले आहे. आपले ‘असणे’ दोन्ही अर्थ एकाच वेळी पेलते, म्हणून हे काम मराठीत सोपे जाईल असा माझा समज होता.

तो समज ‘तू हवास देवा’ या पहिल्या मसुद्याने मोडला. कागदावर पाच अक्षरे बरोबर बसली होती, अर्थही जवळचा होता, आणि मी गेल्या नोंदीत ती ओळ जवळजवळ पक्की म्हणून दिलीही होती. मग माझ्या मावसबहिणीला, जी नाट्यसंगीत शिकली आहे, ती गायला दिली. पहिल्याच प्रयत्नात ती थांबली आणि म्हणाली, “अरे, ‘ह’वर थांबायला सांगतोस, पण तिथे थांबायला स्वर आहेच कुठे?” तिचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. आघाताच्या जागी ‘ह’ हा लघू आला होता आणि आघात नसलेल्या जागी ‘वास’ हे भारदस्त अक्षर पडले होते. ‘ह’ ताणला की पुढचे ‘वास’ सुटून वेगळाच शब्द ऐकू येतो, आणि अशा गाण्यात ते कदापि चालणार नाही. त्यानंतर ‘असावास तू रे’, ‘तू आहेस ना रे’ असे बरेच प्रयत्न केले. पहिल्यात नुसती इच्छा उरते आणि दुसऱ्यात प्रश्न. क्रिस्तीना इच्छा व्यक्त करत नाही आणि विचारतही नाही. देव नसेल तर आपले आजवरचे आयुष्य कशावर उभे होते, हे तिला सहन होणार नाही, म्हणून तो असलाच पाहिजे, असे ती निकराने म्हणते.

काल ओळ लिहिणे सोडून मी पुन्हा ऐकायला बसलो, आणि ते उपयोगी पडले. सोनिक व्हिज्युअलायझर या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ध्वनिमुद्रणे एकाखाली एक लावली होती. त्यातील दोन सादरीकरणे आपोआप जुळवण्याची सोय मला फार मोलाची वाटते, फक्त मैफलीतील टाळ्यांचा भाग आधी कापून टाकावा लागतो, नाहीतर जुळणी भरकटते. गायिकेचा आवाज वाद्यमेळापासून वेगळा काढणारी सॉफ्टवेअरे मी या कामासाठी कायमची बाजूला ठेवली आहेत. सभागृहातील ध्वनिमुद्रणात आवाजाला जो घुमारा असतो, त्याचे ती तुकडे करतात, आणि शब्दाचा शेवट कुठे झाला हेच कळेनासे होते. गती कमी करून ते चौथे अक्षर मी वारंवार ऐकले, तेव्हा इतके दिवस कानावरून गेलेली गोष्ट लक्षात आली. स्वीडिशमध्ये तिथे ‘फि’ आहे आणि इंग्रजीत ‘बी’. भाषा बदलली, शब्द बदलला, अर्थही थोडा सरकला, तरी ओळीच्या मुख्य आघाताखालचा स्वर इकारच राहिला आहे. हे मुद्दाम केले की सहज घडले, याने माझ्या कामात फरक पडत नाही. मला चौथ्या जागी ईकार हवा होता, एवढे नक्की झाले.

त्या क्षणी मी शब्द शोधणे थांबवून क्रियापदाची रूपे म्हणू लागलो: असतोस, असावास, असशील. ‘असशील’मध्ये दीर्घ ‘शी’ आहे, आणि ‘तू’ वेगळा लिहावाही लागत नाही, कारण तो त्या रूपातच आहे. स्वीडिश ‘दू’ आणि आपला ‘तू’ हे दोन्ही जवळिकीचे. विठ्ठलाशी ‘तू’ म्हणून भांडणाऱ्या अभंगांवर वाढलेल्या कानाला क्रिस्तीनाचा हा स्वर ओळखीचा वाटतो, आणि तो या रूपात सुरक्षित राहतो. आधीच्या दोन अक्षरांसाठी ‘देवा’ आपोआप आला. हाक मारताना आपण ‘वा’ लांबवतो, म्हणजे दुसऱ्या अक्षरावरचा आघातही जागेवर बसला. दे, वा, अस्, शी, आणि मग ‘ल’.

शेवटचे ‘ल’ मात्र उघडे पडत होते, शिवाय ‘असशील’ एवढ्यानेच निकर येत नव्हता. तिथे ‘च’ जोडला आणि दोन्ही अडचणी एकदम मिटल्या. हा ‘च’ चाकातला असतो तसा दंततालव्य असल्यामुळे त्याच्या अखेरीस सकाराची फूत्कारयुक्त किनार असते, आणि ‘फिन्नास’ही सकारावरच मिटतो. ‘देवा, असशीलच’. मावसबहिणीने फोनवरच ती ओळ स्वीडिश चालीत तीन वेळा गाऊन दाखवली, आणि तिसऱ्या वेळी ती पुढच्या ओळीत न अडखळता गेली.

पुढची तीन अक्षरे, जिथे मूळ गाण्यात ‘पाहिजेच’ हा भाव पुन्हा येतो, तिथे आता ‘हवास तू’ ठेवले आहे. पहिल्या मसुद्यातील तोच शब्द इथे चालतो, कारण ‘ह’ आता आघाताच्या आधी, उचलीवर आला आहे आणि आघात थेट ‘वा’वर पडतो. एकाच शब्दाची जागा एका अक्षराने सरकली की तो गाता येतो, हे मी पुस्तकातून शिकलो नसतो. किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून आपल्या नाटककारांनी आधीच्या चालींवर पदे बांधली, आणि जुन्या नाट्यपुस्तकांत पदाच्या डोक्यावर चालीचा उल्लेख छापलेला असतो. तो उल्लेख मी आजवर केवळ माहिती म्हणून वाचत होतो. आता त्यामागचे कष्ट समजतात.

बाकी प्रगती थोडीच आहे. पहिल्या सीडीच्या खुणा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण झाल्या. तीन सीडींचे मूळ आणि दोन सीडींची मैफल यांत गाण्यास गाणे जुळत नाही, त्यामुळे प्रत्येक खुणेपुढे मूळ क्रमांक वेगळा लिहावा लागला. स्वीडिश संचाची जुनी प्रत ज्या विक्रेत्याकडून मागवली, त्याने पुस्तिका नसल्याचे कळवले नव्हते. जुने संच घेताना पुस्तिकेच्या पानांची छायाचित्रे आधी मागवावीत, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे, कारण शब्दांशिवाय हे काम पुढे सरकत नाही.

यानंतर बॅटरी पार्कचे गाणे घेणार होतो. मॅनहॅटनच्या टोकाला उतरलेले शेतकरी, आणि त्याच बेटावरच्या सभागृहात त्यांची गाणी, हे मला फार भावते. पण हे लिहितानाच बेत बदलला आहे. सोन्याच्या शोधात गेलेल्या रॉबर्टचे, म्हणजे क्रिस्तीनाच्या दिराचे, सोन्याचे गाणे आधी घ्यावे असे वाटते, जे मूळ संचात पेटर योबाक यांनी आणि कार्नेगी हॉलमध्ये केविन ओडेकर्क यांनी गायिले आहे. स्वीडिश शीर्षकात सोन्याची वाळू ‘झाली’ असा भूतकाळ आहे, तर इंग्रजीत ती ‘होऊ शकते’ असे आहे. रॉबर्ट आपल्या डोळ्यांदेखत घडलेले सांगतो आहे, म्हणून मी भूतकाळच ठेवणार. आपल्याकडे ‘सोन्याची माती’ तयारच आहे, परंतु त्याच्यासोबत गेलेला मित्र अरविद वाळवंटात, वाईट पाणी पिऊन मेला. तिथली वाळू खरी वाळू आहे, आणि मातीने ती झाकली जाईल. शिवाय मूळ शीर्षकातले शेवटचे, पाचवे अक्षर आघाताचे असून ते एकटेच यायला हवे, तिथे ‘माती’ही बसत नाही आणि ‘वाळू’ही नाही. सध्या वहीत ‘सोने झाले धूळ’ असे लिहून ‘धूळ’भोवती पेन्सिलीने वर्तुळ केले आहे. वाळूच्या अर्थाचा, दीर्घ स्वराचा, एकाच अक्षरात उच्चारला जाणारा मराठी शब्द कोणाला आठवला, तर अवश्य कळवा.