आठ ठिपके

मंगळवार, रात्री उशिरा

प्रोजेक्टचा विषय ठरला एकदाचा. फॉर्म उद्या देईन.

प्राण्यांची संख्या पिढीगणिक कशी बदलते ते सांगणाऱ्या एकाच सूत्राने आठवडाभर झोप उडवली आहे. आत्ताची संख्या, गुणिले उरलेली जागा, गुणिले वाढीचा दर, की झाली पुढची पिढी. (पूर्ण भरलेली जागा म्हणजे १, म्हणून संख्या ० ते १ मध्येच.) दर ३.२ ठेवला की संख्या ०.५१ आणि ०.८० या दोन आकड्यांत झुलत राहते. ३.५ ला चार आकडे. ३.५७ च्या पुढे केऑस सुरू, म्हणजे नियम ठरलेला पण आकडे सैरभैर, कधीच तेच तेच न येणारे (मधूनच शहाण्यासारखी वागते, ३.८३ ला तर तीनच आकडे). रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हेच मांडलं आणि हे सूत्र विद्यार्थ्यांना लवकर शिकवा असा आग्रहही धरला. मला तिसऱ्या वर्षात भेटलं!

काल फजिती झाली. दर ४, सुरुवात ०.५. पुढची पिढी १, त्यापुढची थेट शून्य. सगळे मेले. अर्धा तास कोडमधली चूक शोधत बसले. चूक नव्हतीच; जागा पूर्ण भरली, उरलेली जागा शून्य, तर गुणाकारही शून्यच. मग ०.३ आणि ०.३००००१ घेऊन दोन रेषा काढल्या. आधी एकीवर एक, आणि वीस-पंचवीस पिढ्यांत एकमेकींना ओळखही दाखवेनात.

पण प्रोजेक्टला मला नुसतं सूत्र नाही, खरे किडे हवे होते. पिठातल्या तांबड्या किड्यांवर कॉस्टॅन्टिनो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये केऑस दाखवला आहे. हे किडे स्वतःचीच अंडी आणि कोष खातात, म्हणून संख्या अशी उसळते नि कोसळते. दर दोन आठवड्यांनी पीठ चाळून अळ्या, कोष, प्रौढ वेगवेगळे मोजायचे. मला ते चाळणं-मोजणं फार आवडलं असतं.

प्रोजेक्टच्या मॅडमनी एकच विचारलं, “तुझ्याकडे महिने किती?”

“चार.”

“म्हणजे नोंदी किती?”

आठ. गप्पच बसले. आठ ठिपक्यांवरून केऑस म्हणायचं की नुसता योगायोग?

घरी येताना वाटलं, अरे, प्रश्न तर हाच आहे. प्रत्येक पिढी आडव्या अक्षावर आणि तिच्या पुढची उभ्या अक्षावर मांडली, तर वरवर सैरभैर दिसणारे सूत्राचे आकडे निमूटपणे एका कमानीवर येऊन बसतात. निव्वळ योगायोगाचे आकडे कागदभर विखुरतात. आता सूत्रात मुद्दाम मोजणीच्या चुका मिसळायच्या आणि ठिपके कमी करत जायचं: दोनशे, पन्नास, आठ. कमान कुठे दिसेनाशी होते ते बघायचं.

मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं, “चालेल. आधी दोनशेची कमान दाखव.”

किडे नाहीत याची चुटपुट आहेच. आत्ता पन्नास ठिपके काढून बघितले, चूक पाच टक्के. कमान दिसते आहे, फक्त जरा केसाळ.