सोडण उताणे ठेवावे

गेल्या वर्षी जानेवारीपासून पाच महिने मी अंदमानातील हॅवलॉक बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपावर, एका रिसॉर्टच्या बागेचे काम पाहत होते. आराखडा मी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बसून काढला होता. तो जमिनीवर उतरवणारे बावीसही जण बेटावरचेच होते. बहुतेक जण फाळणीनंतर पूर्व बंगालातून येऊन तिथे वसलेल्या कुटुंबांतले होते, तर काही रांची समाजातले, ज्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी जंगलकामासाठी छोटानागपूरहून नेले होते. आमचे बोलणे हिंदीत चाले.

माझा हात बडोद्याच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीवर बसलेला. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बडोद्याच्या जवळजवळ तिप्पट. पण किनाऱ्याची जमीन म्हणजे प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा, त्यामुळे पाणी थांबत नाही आणि चुना मात्र भरपूर असतो. पायवाटेच्या कडेने लावलेल्या इक्झोरा या फुलझुडपाची पाने दीड महिन्यात पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हे लक्षण लोहाच्या कमतरतेचे आहे, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह असले तरी मुळांना ते घेता येत नाही. मी चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी करून घेतली. नवी पालवी हिरवी आली आणि पुन्हा पिवळी पडली.

तेव्हा मुकादम, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू, मला आपल्या परसात घेऊन गेले आणि माडाच्या बुंध्यापासून चार हात दूर त्यांनी फावड्याने चर उघडला. आत नारळाची सोडणे, म्हणजे करवंटीवरची काथ्याची जाड साले, थरावर थर रचलेली होती, प्रत्येक उताणे, वाटीसारखे, आणि मधल्या जागेत कुजलेला पाला. एक सोडण काढून त्यांनी मुठीत दाबले, तर आठवडाभर पाऊस नसतानाही त्यातून पाणी ठिबकले. "पालथे ठेवले तर पाणी निसटते, दीदी," ते म्हणाले. हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारल्यावर त्यांनी दिलेले उत्तर मी विसरणार नाही : "नकाशा छापून आला होता."

त्यानंतर काम बदलले. रोज हजेरीआधी आम्ही नकाशा वाळूवर पसरून बसू लागलो. इक्झोऱ्याची अर्धी रोपे काढली, उरलेल्यांची ओळ समुद्रापासून मागे घेऊन तिच्या चरात सोडणे आणि पाला भरला. समुद्र दिसावा म्हणून तोडायचे ठरलेले केवड्याचे बन तसेच राखले, कारण खारा वारा तेच अडवत होते, आणि त्याच्या आडोशाला उंडी या किनाऱ्यावरच्या झाडाची रोपे लावली. मालकांच्या प्रतिनिधींना हे पटेना. शेवटी दादांनीच तोड काढली : केवड्यातून वाट सरळ न काढता तिरकी काढायची, म्हणजे माणूस समुद्राकडे जातो आणि वारा थेट आत येत नाही.

आमच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या बागेचे श्रेय इंग्रज उद्यानरचनाकार विल्यम गोल्डरिंग यांना दिले जाते. १८९३ मध्ये बडोद्यास आलेल्या जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल यांचेही नाव इथले बागप्रेमी आदराने घेतात. दोघांचेही काम मोठे होते. परंतु ती आळी ज्यांनी खणली आणि कुठले झाड कुठे जगेल हे ज्यांनी त्यांना सांगितले असेल, त्या माळ्यांपैकी एकाचेही नाव मला ठाऊक नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून काम सोपवताना दिलेल्या अंतिम नकाशावर, उजव्या कोपऱ्यात माझ्या नावाखाली, मी बावीसही नावे छापून घेतली. दादांनी एक प्रत मागून घेतली. घरी भिंतीला लावण्याआधी त्यांनी पेनाने इक्झोऱ्याची ओळ दुरुस्त केली, कारण छापताना ती दोन हात समुद्राकडे सरकली होती.