परतीचा दिवस उलटा मोजायचा

परदेशातल्या गटसहलीच्या शेवटच्या दिवशी स्थळदर्शन दुय्यम. त्या दिवसाचं वेळापत्रक आम्ही विमानाच्या वेळेपासून मागे मोजत येतो. विमान रात्री ११चं असेल तर चेक-इन साधारण १०ला बंद होतं, म्हणजे सगळ्या गटाने ८ला काउंटरसमोर हवं. बाराजणांचं चेक-इन एकट्यादुकट्यासारखं दहा मिनिटांत उरकत नाही. त्यामागे रस्त्यातला वेळ आणि सामान चढवण्या-उतरवण्याची अर्ध्या तासाची खोटी धरली की हॉटेल कधी सोडायचं ते कळतं. काय बघायचं, हे त्यानंतर.

तिकिटावर १५ तारीख आणि ००:३० अशी वेळ असेल तर विमानतळावर १४च्या रात्री पोचायचं. यात भलेभले फसतात.

बॅगांचं वजन आदल्या रात्रीच करावं. हुकाचा काटा नसेल तर साध्या काट्यावर आधी नुसतं, मग बॅग घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. इकॉनॉमीत मर्यादा बहुधा २३ किलोची असते, पण तिकिटावर काय लिहिलंय तेच खरं. एकाची १९ आणि दुसऱ्याची २६ भरली तर ‘सगळ्यांचं मिळून धरा’ म्हणून काउंटरवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. काही कंपन्या एकाच बुकिंगवर ते मान्य करतात, काही करत नाहीत. शिवाय ३२ किलोंवरची एक बॅग बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत, कारण ती माणसांना उचलायची असते.

गटात खरा घोळ होतो तो टॅगचा. सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र दिले की कधीकधी पाच-सहा बॅगा एकाच्याच नावावर चढतात. मग तपासणीत एखाद्या बॅगेत पॉवर बँक दिसते, बोलावणं त्या भलत्याच माणसाला येतं आणि कुलपाची किल्ली असते तिसऱ्याकडे. म्हणून प्रत्येकाने आपली बॅग आपल्या पासपोर्टवरच द्यावी आणि टॅगची पावती स्वतःकडे ठेवावी.

पॉवर बँक कायम हातातल्या सामानात. तिच्यावर वॅट-अवर (किती ऊर्जा साठते त्याचं माप) छापलेले नसतील तर एमएएचच्या आकड्याला ३.७ने गुणून १०००ने भागायचं: २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर. शंभरापर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची लागते.

तिथल्या खरेदीवर भरलेला कर परत (करपरतावा) घ्यायचा असेल तर बॅगा देण्याआधी कस्टम्सचा शिक्का. अधिकारी वस्तू बघायला मागू शकतात, आणि ती तोवर पट्ट्यावरून आत गेली असेल तर नुसत्या पावतीने काम होत नाही. युरोपीय संघात हा शिक्का साधारणपणे संघातून बाहेर पडतानाच्या शेवटच्या विमानतळावर मिळतो. विमान बदलणार असाल तर हे आधीच बघून ठेवा. रांगेसाठी तास वेगळा काढा.

वाटेत विमान बदलायचं असेल तर ड्यूटी-फ्रीची बाटली सीलबंद पारदर्शक पिशवीतच, पावतीसकट राहू द्यावी. पिशवी फोडली की पुढच्या तपासणीत हातातल्या सामानातल्या द्रवांचा १०० मिलीचा नियम लागू. आणि बॅगेच्या टॅगवर शेवटच्या विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह असलं तरी काही देशांत पहिल्या विमानतळावरच बॅग उचलून कस्टम्स पार करावं लागतं आणि ती पुन्हा द्यावी लागते. हे काउंटरवरच विचारून घ्या.

उतरल्यावर पट्ट्यापाशी गट विरघळतो. ज्याची बॅग आली तो सुटला! निदान एकाने शेवटची बॅग येईपर्यंत थांबावं. न आलेल्या किंवा फुटलेल्या बॅगेची तक्रार बाहेर पडण्याआधीच कंपनीच्या खिडकीवर नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. १९९९च्या माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, तर उशिरा मिळालेल्या बॅगेची २१ दिवसांत करावी लागते. टॅगची पावती आणि बोर्डिंग पास तोवर फेकू नका.