तुम्ही विचारलंत म्हणून: साठ हजारची गोळी चालू ठेवू का?

सांगलीत औषधांच्या दुकानात बसू लागले तेव्हापासून काही प्रश्न रोजचेच झाले आहेत, परंतु गेल्या काही वर्षांत त्यांतला एक सर्वांच्या पुढे गेला आहे. "ताई, ती साठ हजारची गोळी संपली, आणखी एक पट्टी द्या. जीवनसत्त्वच तर आहे, चालू ठेवली तर काय बिघडणार?" विचारणारे कधी निवृत्त शिक्षक असतात, कधी व्यायामशाळेत जाणारा तरुण असतो, तर कधी केस गळतात म्हणून हैराण झालेली मुलगी असते, आणि त्यांच्या हातातली पट्टी वेगवेगळी असते. गिऱ्हाइकांची गर्दी असताना मला "डॉक्टरांना विचारा" एवढेच म्हणता येते, आणि ते उत्तर पुरेसे नाही असे मला मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

साठ हजार हा आकडा ड जीवनसत्त्वाच्या युनिटचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ६०० युनिट पुरतात, आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज घेण्याची सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० युनिट मानली जाते. आठवड्याला एक साठ हजारची गोळी घेतली, तर रोजची सरासरी साडेआठ हजारांच्या आसपास जाते, म्हणजे त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. डॉक्टर ती लिहून देतात ते बहुधा आठ आठवड्यांसाठी, रक्तातली कमतरता भरून काढण्यासाठी, आणि त्यानंतर मात्रा कमी करण्याच्या हिशेबाने. ज्यांना खरोखरच मोठी कमतरता असते, ज्यांची हाडे व मांड्या दुखतात आणि खालून उठताना ज्यांना हाताचा आधार घ्यावा लागतो, अशा माणसांना या गोळीने आलेला फरक मी पाहिला आहे, त्यामुळे तिच्याविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. माझा आग्रह एवढाच आहे की मोठ्या मात्रेतले जीवनसत्त्व हे औषध आहे, आणि औषध म्हटले की ते कोणत्या कमतरतेसाठी घ्यायचे आणि कोणत्या तारखेला थांबवायचे, या दोन्ही गोष्टी ठरलेल्या असायला हव्यात.

चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा" असे लिहिलेले असते, परंतु घरी गेल्यावर ती गोळी रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर एकाच डब्यात पडते, आणि रोजच्या गोळ्यांबरोबर रोज घेतली जाते. आमच्या भागातल्या एका वृद्ध काकूंच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्यांच्या सुनेने प्रथम आमच्याकडून उलटीचे औषध नेले, मग बद्धकोष्ठतेचे, आणि पुढच्या खेपेला ती सांगू लागली की सासूबाई सारखे पाणी मागतात, रात्रभर लघवीला उठतात आणि बोलताना गोंधळतात. मी तिला सर्व गोळ्यांचा डबा घेऊन यायला सांगितले. त्या डब्यात साठ हजारच्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्या होत्या. त्याच दिवशी त्यांना रुग्णालयात नेले, तेव्हा रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर गेलेले आढळले आणि मूत्रपिंडांवरही परिणाम सुरू झाला होता. ड जीवनसत्त्व आतड्यातून आणि हाडांतून कॅल्शियम रक्तात ओढते, आणि ते चरबीत साठून राहत असल्यामुळे गोळी बंद केल्यावरही त्याचा परिणाम कित्येक आठवडे, कधी महिने टिकतो. काकू बऱ्या झाल्या, पण त्याला बराच काळ लागला.

यावर काही जण म्हणतात की रोज घेण्याचा घोटाळा टाळला, तर जास्त मात्रेने निदान हाडे तरी भक्कम होतील. या समजुतीची रीतसर परीक्षा झालेली आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच डोस दिला गेला, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की डोस घेतलेल्या स्त्रिया निष्क्रिय गोळी घेतलेल्या स्त्रियांपेक्षा अधिक वेळा पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. आपल्याकडे सहा लाख युनिटचे इंजेक्शन आजही मिळते आणि "एकदाच घेतले की काम झाले" म्हणून लोक ते स्वतःहून मागतात, म्हणून हा अभ्यास मला सर्वांत आधी सांगावासा वाटतो. अमेरिकेत पंचवीस हजारांहून अधिक माणसांना रोज २,००० युनिट किंवा निष्क्रिय गोळी देऊन वर्षानुवर्षे पाहिले गेले, तेव्हा कर्करोग, हृदयविकार किंवा हाड मोडणे यांपैकी कशाचेही प्रमाण गोळीमुळे कमी झाले नाही. त्यांतल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, आणि माझ्या मते सगळे उत्तर तिथेच आहे.

अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. सरकारी लसीकरणात बाळाला नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख युनिटचा डोस तोंडावाटे देतात आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारापासून पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा. ही मात्रा प्रचंड आहे, आणि ती योग्यच आहे, कारण या कमतरतेने रातांधळेपणा येऊन पुढे बुबुळ कायमचे खराब होते. ते डोस कृपया चुकवू नका. परंतु तेच जीवनसत्त्व गरोदर स्त्रीने रोज १०,००० युनिटपेक्षा जास्त गोळ्यांतून घेतले, तर गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. गाजर आणि पालेभाज्या खाण्याने हा धोका नाही, कारण त्यांतल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व बनवते. मात्र बीटा कॅरोटीनचीही मोठी गोळी निरुपद्रवी ठरलेली नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, ती रोज घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी वाढलेले १९९४ मध्ये जाहीर झाले. कर्करोग टळेल या आशेने सुरू केलेला तो अभ्यास होता.

"ब आणि क पाण्यात विरघळतात, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते" हे वाक्य मला रोज ऐकवले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी करोनाच्या काळात दुकानांतून नाहीशी झाली होती. तिने बहुतेकांचे नुकसान झाले नसावे, पण मुतखड्याचा त्रास असणाऱ्याने ती रोज मोठ्या प्रमाणात घेऊ नये, कारण जास्तीच्या क जीवनसत्त्वापासून शरीरात ऑक्झलेट तयार होते, आणि बहुतेक मुतखडे त्याचेच बनतात. ब-६ चे प्रकरण अधिक गंभीर आहे. १९८३ मध्ये रोज दोन ते सहा ग्रॅम ब-६ घेणाऱ्या सात माणसांच्या मज्जातंतूंना इजा होऊन त्यांचे हातपाय बधिर झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि पुढे याहून पुष्कळ कमी मात्रेतही तसा त्रास दिसल्यामुळे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये रोजची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. मुंग्या येतात म्हणून लोक मज्जातंतूंच्या दोन-दोन गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करतात, त्या दोन्हींत ब-६ असते, आणि मुंग्या वाढल्या की ते तिसरी मागतात. अशा वेळी मी गोळी देण्याआधी घरी असलेल्या पट्ट्या पाहायला मागते.

ब-१२ बद्दल मात्र माझे मत वेगळे आहे, आणि शाकाहारी घरांत त्याची भीती बाळगू नये असे मला वाटते. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना गोळी १,५०० ची का, असे लोक दचकून विचारतात. अन्नातून ब-१२ शोषण्याची आतड्याची नेहमीची वाट एका वेळी फार थोडे घेऊ शकते आणि उरलेल्यापैकी जेमतेम एक टक्का आपसूक आत जाते, म्हणून मात्रा मोठी ठेवावी लागते, आणि या मात्रेत ते विषारी ठरल्याचे दिसलेले नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे ब-१२ कमी होते, त्यांनी ते तपासून घ्यावेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा १९९३ पासून अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींचे ब-१२ कमी आढळले, आणि ज्यांच्या रक्तात फोलेट (फोलिक अॅसिडच्या गोळीतून मिळणारे ब गटातले जीवनसत्त्व) भरपूर पण ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. याचा अर्थ गरोदरपणातली फोलिक अॅसिडची गोळी सोडावी असा मुळीच नाही, कारण बाळाच्या मज्जारज्जूचे व्यंग टाळण्यासाठी ती अत्यावश्यक आहे. शाकाहारी स्त्रीने तिच्याबरोबर ब-१२ चाही विचार डॉक्टरांकडे काढावा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

राहिली केसांची गोळी. तिच्यात बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्व बहुधा दहा मिलिग्रॅम असते, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडो पट, आणि ते शरीराला अपाय करीत नसले तरी रक्ततपासणीचा निकाल बिघडवते. काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे असे येतात की निरोगी मुलीची ग्रंथी जादा काम करते आहे असे वाटावे, आणि हृदयविकाराच्या झटक्यात तपासले जाणारे ट्रोपोनिन प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते. थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी आणि रक्त घेणाऱ्याला व डॉक्टरांना ती घेत असल्याचे आपणहून सांगावे, कारण ती कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेली नसते.