मावशीच्या पुरणपोळीचं कोड

मावशीच्या पाककृतींची वेबसाइट मी सांभाळते. पुरणपोळीच्या पानावर तिने लिहिलंय, ‘डाळ चांगली गळेपर्यंत शिजू द्या, घाई नको.’ वाचणाऱ्याला हे पुरतं. सर्च इंजिनला मात्र साहित्य कुठलं, कृती कुठली, वेळ किती, हे अंदाजानेच ओळखावं लागतं. म्हणून प्रत्येक पानाच्या कोडमध्ये मी जेसन-एलडीचा तुकडा टाकते, म्हणजे सर्च इंजिनला समजेल अशा ठरलेल्या रीतीने लिहिलेली पानाची माहिती. प्रकार ‘रेसिपी’, भाषा ‘एमआर’ म्हणजे मराठी, आणि शिजवायचा वेळ ‘पीटी४५एम’, म्हणजे ४५ मिनिटं.

‘रेसिपी’सारख्या ठरलेल्या नावांची ही शब्दावली स्कीमा डॉट ऑर्गची. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या गूगल, बिंग आणि याहूने २०११मध्ये ती मिळून सुरू केली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण एकदाच लिहिलं की सगळीकडे चालतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. पानावर जे दिसत नाही ते कोडमध्ये घालू नका. कुणी न दिलेले पाच तारे तर मुळीच नाही. गूगल अशा साइटवर कारवाई करतं, आणि वाचकाचीही ती फसवणूकच.

‘एआयच्या उत्तरात येण्यासाठी खास स्कीमा’, म्हणजे असाच कोड, विकणारेही आता भेटतात. पैसे देऊ नका. गूगलच्या एआय उत्तरांसाठी वेगळा स्कीमा लागत नाही, हे खुद्द गूगलनेच स्पष्ट केलंय. पान आधी नीट, सविस्तर लिहा. मग गूगलच्या रिच रिझल्ट्स टेस्ट या कोड तपासणाऱ्या साधनात पानाचा पत्ता टाकून बघा. काय राहिलंय ते तिथे फुकट कळतं.