बिंझुरू आणि चहावाली: की-ब्लॉक एकदाचा झाला

मंडळी, जपानी पद्धतीचं लाकडी ठशांचं चित्र करतोय, मागच्या अपडेटला त्याचं नुसतं रेखाटन टाकलं होतं, आता काळ्या रेषांची मुख्य फळी म्हणजे की-ब्लॉक पूर्ण कोरून झालाय आणि शाईचे पहिले ठसेही काढलेत. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: जपानच्या एदो काळात (१६०३ ते १८६८) चित्रकारांना एक खोड होती, पुराणातली, धर्मातली गंभीर मंडळी घ्यायची आणि त्यांच्या शेजारी किंवा थेट त्यांच्या जागी त्यांच्या काळच्या फॅशनमधली सुंदर बाई बसवायची, याला मिताते म्हणतात. त्या काळच्या हारुनोबू या चित्रकाराने झेन पंथाचा आद्य गुरू बोधिधर्म याच्या जागी तरुणी काढून तिला एका बोरूच्या काडीवर उभं करून नदी पार करायला लावलीय, आणि तेही इतक्या निवांत चेहऱ्याने की हसू येतं. बुद्धाचे सोळा अर्हत, म्हणजे सिद्ध झालेले शिष्य, जपानीत राकान, हे तर या खेळाला अगदी फिट, कारण एकीकडे टक्कल, टेंगळं, काथ्यासारख्या लोंबणाऱ्या भुवया आणि दुसरीकडे ती गुळगुळीत मान.

माझा राकान म्हणजे पिंडोल भारद्वाज. सोळांतला पहिला. राजगृहाच्या शेठने चंदनाचं भिक्षापात्र उंच बांबूवर टांगलं आणि म्हणाला, सिद्धी असेल त्याने घेऊन जावं, तर हा गडी खरंच उडाला आणि घेऊन आला, मग बुद्धांनी झापलं की लोकांसमोर असले चमत्कार करायचे नाहीत. जपानात हाच बिंझुरू, आणि देवळात त्याची मूर्ती मुख्य गाभाऱ्यात नसते, बाहेर ओसरीवर असते, शिक्षा अजून चालूच आहे म्हणे. लोक आपलं जिथे दुखतं तिथे त्याला चोळतात, त्यामुळे नाक, गुडघे, डोकं झिजून गुळगुळीत झालेलं असतं.

तर माझ्या चित्रात चहाच्या दुकानातली एक पोरगी ट्रे बाजूला ठेवून एका हाताने स्वतःचं कपाळ धरून दुसऱ्याने बिंझुरूचं टक्कल चोळतेय, डोकं दुखतंय तिचं, आणि मूर्तीचा एक डोळा हळूच तिच्याकडे वळलाय. बाईचा चेहरा ओकितावरून घेतलाय, एदो शहरातल्या (आजच्या तोक्योतल्या) आसाकुसाच्या नानिवाया दुकानातली ती ओकिता, चित्रकार उतामारोने १७९३ च्या सुमारास जिला चहाच्या वाटीसकट फेमस केलं. राकान मात्र चिनी भिक्षू ग्वानश्यूच्या परंपरेतला, त्याने ८९१ साली काढलेल्या अर्हतांवरून पुढे सगळीकडे हे असे वाकडे चेहरे आले. गंमत म्हणजे माणूस भारद्वाज गोत्राचा, आपल्या इकडचा, पण चेहरा बघाल तर भारतात कुठेच सापडणार नाही.

आता कोरण्याबद्दल, कारण खरा खेळ इथे आहे. बाईची रेषा आणि राकानची रेषा एकाच हाताने निघत नाही. तिची रेषा एकसारखी बारीक, कुठेही न थरथरता वाहिली पाहिजे, आणि त्याची जाडबारीक, अडखळणारी, ब्रशचा झटका दाखवणारी. जुन्या कारखान्यांमध्ये काम वाटलेलंच असायचं, मुख्य कारागीर डोकं आणि केस कोरायचा, किमोनो वगैरे हाताखालचे. मी एकटाच असल्यामुळे दिवस वाटून घेतले, सकाळी उजेड चांगला असताना फक्त बाईचे केस, राकान रात्री. विनोदी वाटेल पण एकाच बैठकीत दोन्ही करायला गेलं की बाई राकानसारखी व्हायला लागते.

कानशिलावरचे केस जिथे कपाळाच्या कातडीत विरतात तो भाग सगळ्यात जीवघेणा. पातळ कागदावरचं चित्र उलटं चिकटवून मागचा थर ओल्या बोटाने चोळून काढला, वर थेंबभर खोबरेल, की रेषा स्वच्छ दिसतात. मग सुरी रेषेपासून बाहेर झुकवून धरायची म्हणजे कोरलेली रेषा खाली रुंद राहते, नाहीतर छापताना तुटून येते. जुने लोक वापरायचे ते चेरीचं लाकूड इथे कुठून आणणार, शीना प्लाय (जपानी मऊ लाकडाचं प्लायवूड) मागवली. केस ठीकठाक येतात पण उतामारोच्या कारागिरांइतके बारीक या लाकडात जाणारच नाहीत, ते विसरा.

राकानच्या भुवया मात्र मजेत झाल्या. गोल पटाशीने मोकळा भाग काढताना कडा मुद्दाम जरा खडबडीत ठेवल्या.

कागदाला तुरटी आणि सरस लावून घेतलंय. पावसाळ्यात कागद ओलसर ठेवायची कटकट नाही, भीती बुरशीची आहे, म्हणून गठ्ठा फ्रीजमध्ये, घरच्यांच्या शिव्या खात. केंतोच्या खुणा, म्हणजे कागद दर वेळी त्याच जागी बसवणाऱ्या, की-ब्लॉकवरच कोरल्यात, ठसे सरळ बसतायत.

काहीजण विचारतात ही संतांची चेष्टा नाही का. मला तसं वाटत नाही. एदोतल्याच होंजोच्या गोह्याकु राकान-जी (पाचशे राकानांच्या) देवळात शोउन गेंकेईने कोरलेल्या पाचशेहून जास्त मूर्ती होत्या, लोक सहलीसारखे जायचे, चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेत त्या देवळाच्या गच्चीवरून फुजी बघणारी माणसं आहेत. राकान म्हणजे रोजच्या ओळखीतले म्हातारे. आणि नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकारातली एगुची गावची गणिका शेवटी समंतभद्र बोधिसत्त्व होऊन निघून जाते, तिची होडी पांढरा हत्ती होते. तिथे बाई खालची आणि संत वरचा असं गणितच नाहीये.

पुढे रंगाच्या फळ्या. बिंझुरूच्या मूर्ती बऱ्याचदा लाल असतात, तेव्हा त्याला सरळ गेरू, डोक्यावर जिथे तिचा हात आहे तिथे रंग पुसत नेत फिका करणार. बाईचा किमोनो जांभळा, पण जुन्या पद्धतीने करडई आणि त्सुयुकुसा फुलाच्या निळ्यातून नाही, तो निळा उडून जातो आणि मग सगळं मातकट दिसतं, म्हणून तयार पिगमेंट. पार्श्वभूमीला अभ्रक लावायचा मोह होतोय, बघू. मूर्तीच्या अंगात लाकडाचे तंतू उठून दिसायला हवेत, शीना त्यासाठी फारच सपाट आहे, म्हणून देवदाराच्या जुन्या खोक्याची फळी वायर ब्रशने घासून भिजवून बघणार आहे. कोणी हे केलं असेल तर सांगा, फळी किती वेळ भिजवता आणि खळ घालता की नुसताच रंग?