औषध सुरू होण्याआधीचे दिवस कोणत्या गटात मोजायचे?

रुग्णालयाच्या नोंदी, विम्याचे दावे किंवा आजारांची रजिस्टर वापरून केलेल्या अभ्यासात ‘अमुक औषध घेणारे जास्त जगले’ असा निष्कर्ष दिसला, की पी-व्हॅल्यू (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे सांगणारा आकडा) पाहण्याआधी एक प्रश्न विचारावा. रुग्णाची मोजणी, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवून दिवस मोजणं, कधी सुरू झाली, आणि औषध कधी सुरू झालं? या दोन तारखा वेगळ्या असतील, तर मधले दिवस कुठल्या गटात धरले हे शोधावं. अनेक निबंधांमध्ये ते औषधवाल्या गटात धरलेले असतात. तसं असेल तर पुढचं गणित कितीही काटेकोर असलं तरी उत्तर चुकतं, आणि चूक जवळजवळ नेहमी औषधाच्या बाजूनेच झुकते.

समजा, मोजणी डिस्चार्जच्या दिवशी सुरू होते आणि औषध साठाव्या दिवशी. या रुग्णाला ‘औषध घेतलेला’ हे नाव मिळण्यासाठी साठ दिवस जिवंत राहावंच लागतं. त्या काळात त्याचा मृत्यू झाला असता, तर तो आपोआप ‘औषध न घेतलेल्या’ गटात गेला असता. म्हणजे औषधवाल्या गटाला साठ दिवस असे मिळतात ज्यांत मृत्यू होऊच शकत नाही. संशोधनात याला ‘इम्मॉर्टल टाइम बायस’, म्हणजे ‘अमर काळाचा’ दोष, म्हणतात.

आकड्यांत पाहू. हे आकडे फक्त समजण्यासाठी बनवले आहेत. व्यक्ती-वर्षे म्हणजे गटातल्या प्रत्येकावर नजर ठेवलेल्या वर्षांची बेरीज. ५०० रुग्ण आहेत. ३०० जणांना कधी ना कधी औषध मिळालं, २०० जणांना कधीच नाही. औषधवाल्यांचा सुरुवातीआधीचा काळ एकूण १५० व्यक्ती-वर्षे, सुरुवातीनंतरचा २०० व्यक्ती-वर्षे, आणि त्यांच्यात ४० मृत्यू झाले. औषध न मिळालेल्यांचा काळ १०० व्यक्ती-वर्षे आणि मृत्यू ५०.

चुकीच्या पद्धतीत औषधवाल्यांचा दर ४० भागिले ३५०, म्हणजे १०० व्यक्ती-वर्षांमागे ११.४ येतो. दुसऱ्या गटाचा ५० भागिले १००, म्हणजे ५०. गुणोत्तर ०.२३. औषधाने मृत्यू ७७ टक्क्यांनी घटले असं वाटतं. आता ते १५० व्यक्ती-वर्षे जिथली आहेत तिथे ठेवा. त्या काळात रुग्णांनी औषध घेतलेलं नव्हतं, म्हणून ती ‘औषधाविना’ काळात जातील. मग एकीकडे ४० भागिले २००, म्हणजे २०. दुसरीकडे ५० भागिले २५०, म्हणजे तेही २०. गुणोत्तर १. औषधाचा काहीच परिणाम नाही. डेटातली एकही नोंद बदलली नाही, फक्त दिवसांची विभागणी बदलली.

इथे एक अर्धवट दुरुस्ती फार वेळा केली जाते, आणि ती जास्त फसवी असते, कारण करणाऱ्याला वाटतं दोष गेला. औषधवाल्यांची मोजणी औषधाच्या दिवसापासून करायची आणि आधीचे १५० व्यक्ती-वर्षे टाकूनच द्यायची. मग औषधवाल्यांचा दर २० येतो, पण दुसरा गट ५० वरच राहतो. गुणोत्तर ०.४०. औषधाविना काळातला मृत्यू न झालेला मोठा भाग छेदातून गायब झाला, म्हणून तो दर फुगला. काळ टाकून द्यायचा नसतो, योग्य गटात हलवायचा असतो.

प्रोपेन्सिटी स्कोअरने (औषध मिळण्याची शक्यता सारखी असलेले रुग्ण शोधून) जोड्या लावल्या, तरी हा दोष जात नाही. वय, लिंग, सहव्याधी जुळतात; घड्याळ जुळत नाही. लॉजिस्टिक रिग्रेशन (होय/नाही अशा उत्तरांसाठीची संख्याशास्त्रीय पद्धत) वापरून ‘एका वर्षात मृत्यू: होय/नाही’ असं पाहिलं तरी सुटका नाही, कारण तिथे वेळेचा हिशेबच पुसला जातो आणि ‘कधीतरी औषध घेतलं’ हा रकाना भविष्यातली माहिती पहिल्या दिवसाला चिकटवतो. एक्सेलमध्ये ‘औषध: होय/नाही’ असा एकच रकाना आणि शेजारी तारीख नाही, अशी शीट दिसली की काम तिथेच थांबवून आधी तारखा गोळा कराव्यात.

हा प्रश्न नवा नाही. १९व्या शतकात इंग्लंडचे आरोग्य-संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी दाखवलं होतं की वरच्या हुद्द्यावरची माणसं मरताना जास्त वयाची असतात, यावरून हुद्दा आयुष्य वाढवतो असं म्हणता येत नाही. हुद्द्यापर्यंत पोचायलाच वय लागतं. १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या हृदय-प्रत्यारोपण कार्यक्रमातल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली, आणि पुढच्याच वर्षी संख्याशास्त्रज्ञ मिचेल गेल यांनी तिच्यातला हाच दोष मांडला: दाता मिळेपर्यंत जगलेलेच प्रत्यारोपणाच्या गटात होते. ऑस्कर विजेते इतर कलाकारांपेक्षा ३.९ वर्षे जास्त जगतात, असा २००१ चा निबंध खूप गाजला. २००६ मध्ये तोच डेटा घेऊन, पुरस्कार मिळण्याआधीची वर्षे योग्य ठिकाणी ठेवली, तेव्हा फरक साधारण एका वर्षावर आला आणि तो शून्यापेक्षा वेगळा आहे असं ठामपणे म्हणता येईना.

रुग्णांना थेट भिडणारं उदाहरण सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं आहे. डिस्चार्जनंतर ९० दिवसांत श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड मिळालेल्यांमध्ये मृत्यू आणि पुन्हा भरती होणं कमी, असं २००१ च्या एका निरीक्षणात्मक अभ्यासात आलं. संशोधक सॅमी सुइसा यांनी २००३ मध्ये दाखवलं की अशी मांडणीच हा फायदा निर्माण करू शकते. पुढे टॉर्च ही यादृच्छिक चाचणी झाली, म्हणजे कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. सहा हजारांहून जास्त रुग्ण, तीन वर्षे, निकाल २००७ मध्ये. नुसतं फ्लुटिकासोन (असंच श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड) घेणाऱ्यांत मृत्यू १६.० टक्के, प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस) घेणाऱ्यांत १५.२ टक्के. निरीक्षणात्मक अभ्यासांवरून बांधलेली मोठी आशा खरी ठरली नाही.

दुरुस्तीचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे औषधाला काळानुसार बदलणारा घटक मानणं. त्यासाठी डेटातल्या प्रत्येक रुग्णाच्या ओळी तोडाव्या लागतात. साठाव्या दिवशी औषध सुरू आणि दोनशेव्या दिवशी मृत्यू झालेल्याच्या दोन ओळी होतील: पहिली ० ते ६०, औषध ०, मृत्यू ०, दुसरी ६० ते २००, औषध १, मृत्यू १. औषध कधीच न घेतलेल्याची एकच ओळ. ‘आर’ आणि स्टाटा ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर आहेत; ‘आर’मधल्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये टीमर्ज आणि स्टाटामध्ये एसटीस्प्लिट ही आज्ञा हे काम करते. मग या ओळींवर कॉक्स मॉडेल बसवायचं; ते दोन गटांतल्या मृत्यूच्या वेगाचं गुणोत्तर, म्हणजे हॅझर्ड रेशो, देतं. सरावासाठी स्टॅनफर्डचाच डेटा त्या आर पॅकेजमध्ये आहे: १०३ रुग्ण, त्यांपैकी ६९ जणांचं प्रत्यारोपण. आधी चुकीच्या पद्धतीने ‘प्रत्यारोपण झालं का’ हा स्थिर घटक घालून बघा, मग ओळी तोडून. दोन हॅझर्ड रेशो शेजारी ठेवले की हा दोष जितका समजतो तितका कुठल्याही व्याख्येतून समजत नाही.

ओळी तोडताना हमखास अडणारी जागा म्हणजे एकाच दिवशी दोन घटना. सुरुवात आणि शेवट एकच असलेली ओळ प्रोग्रॅम नाकारतो किंवा इशारा देऊन वगळतो, आणि वगळताना तिच्यातला मृत्यूही जातो. स्टॅनफर्डच्या डेटातही असा रुग्ण आहे. तिथे प्रत्यारोपण अर्धा दिवस आधी धरतात. तुम्ही काय केलं ते पद्धती विभागात लिहा, आणि तोडण्याआधी आणि नंतर मृत्यूंची एकूण संख्या तीच आहे ना हे मोजा. दुसरी अडचण औषध थांबण्याची. प्रकृती ढासळल्यावर औषधं बंद होतात. गोळ्या संपल्या त्याच दिवशी रुग्णाला ‘औषधाविना’ गटात टाकलं, तर शेवटच्या आठवड्यातले मृत्यू तिकडे जातात आणि औषध पुन्हा चांगलं दिसतं. म्हणून पुरवठा संपल्यानंतर ३० दिवसांसारखी मुदत आधीच ठरवावी आणि ती बदलून निकाल किती हलतो ते दाखवावं.

लँडमार्क पद्धत समजायला सोपी आहे. अँडरसन, केन आणि गेल्बर यांनी १९८३ मध्ये कर्करोगाच्या उपचाराला प्रतिसाद देणारे आणि न देणारे यांच्या तुलनेसाठी ती पुढे आणली. एक दिवस ठरवायचा, समजा ३०. त्याआधी मृत्यू झालेले किंवा संपर्क तुटलेले बाजूला काढायचे, उरलेल्यांचा गट त्या दिवशीच्या स्थितीवरून ठरवायचा आणि मोजणी तिथूनच सुरू करायची. मग कॅप्लन-मायरचा आलेखही (काळागणिक किती जण जिवंत हे दाखवणारा) निर्धास्त काढता येतो. मात्र ३० दिवसांनंतर औषध सुरू करणारे ‘औषधाविना’ गटातच राहतात, त्यामुळे फरक बोथट होतो. आणि निष्कर्ष ३० दिवस जगलेल्यांपुरताच लागू असतो. दिवस डेटा बघण्याआधी ठरवायला हवा. १५, ३०, ६० असे तपासून चांगला दिसणारा निवडला, तर एक दोष काढून दुसरा आणला.

‘३० दिवसांत औषध सुरू करावं का?’ असा प्रश्न असेल, तर क्लोनिंगची पद्धत त्याला नेमकी बसते. प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या दिवशी दोन प्रती करायच्या: एक ‘३० दिवसांत सुरू करा’ या धोरणाखाली, दुसरी ‘सुरू करू नका’ खाली. रुग्ण ज्या क्षणी धोरण मोडतो, त्या क्षणी ती प्रत सेन्सर होते, म्हणजे तिची मोजणी तिथेच थांबते. दहाव्या दिवशी औषधाविना मृत्यू झालेला रुग्ण दोन्ही गटांत मोजला जातो, कारण तोवर त्याने कुठलंच धोरण मोडलेलं नाही. हे सेन्सरिंग प्रकृतीशी जोडलेलं असल्यामुळे भार द्यावे लागतात, म्हणजे सेन्सर झालेल्यांसारख्या उरलेल्या प्रतींना हिशेबात जास्त वजन द्यावं लागतं. हे भार न तपासता वापरू नका. स्थिर केलेल्या भारांची सरासरी १ च्या आसपास आहे का आणि सर्वांत मोठा भार किती, ते बघा. एकाच रुग्णाच्या दोन प्रती असल्याने कॉन्फिडन्स इंटरव्हल (उत्तराच्या अनिश्चिततेची मर्यादा) रुग्णाच्या पातळीवर बूटस्ट्रॅप करून, म्हणजे रुग्णांचे पुन्हा पुन्हा नमुने घेऊन, काढावा.

यांतली कुठलीही पद्धत डॉक्टरांनी औषध कोणाला दिलं यातला फरक आपोआप पुसत नाही. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी प्रकृतीची माहिती लागतेच, तीही औषध सुरू होण्याच्या वेळेची.

दुसऱ्याचा निबंध वाचताना पाहायच्या तीन तारखा: रुग्ण पात्र कधी ठरला, गट कधी ठरला, मोजणी कधी सुरू झाली. तिन्ही एकाच क्षणी असतील तर ही काळजी नाही. ‘किमान तीन प्रिस्क्रिप्शन्स’ किंवा ‘एकूण १८० दिवस वापर’ अशी व्याख्या दिसली तर विशेष लक्ष द्या, कारण तिसरं प्रिस्क्रिप्शन घ्यायला रुग्णाला तोवर जगावं लागतं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध आणि कर्करोग यांवरच्या अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत असे वेळेशी निगडित दोष असल्याचं २०१२ च्या एका परीक्षणात दाखवलं गेलं. आलेखात औषधवाल्यांची रेषा सुरुवातीला सपाट आणि दुसरी लगेच खाली जाणारी असेल, तर तोही जवळजवळ पक्का पुरावा. अतिदक्षता विभागातल्या अभ्यासांत तर काही तासांनीही फरक पडतो, कारण बरेच मृत्यू पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतात.

स्वतःचा निबंध लिहिताना पहिल्या तक्त्याखाली एक छोटा तक्ता जोडा: औषधाआधीची व्यक्ती-वर्षे, औषधानंतरची व्यक्ती-वर्षे, कधीच औषध न घेतलेल्यांची व्यक्ती-वर्षे, आणि प्रत्येकासमोर मृत्यूंची संख्या. परीक्षकाला त्या तीन ओळींवरून सगळा हिशेब स्वतः करून बघता येतो.